तळ्याच्या जरा अलीकडे

बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकर आणि त्याच्या आसपासचा मुलूख नीरा नदीच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेला असून, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाहू लागलेल्या नीरा डाव्या कालव्याने त्याचे बागायती आणि जिरायती असे दोन पट्टे पाडले आहेत. कालव्याखाली ऊस आणि साखर कारखाना, तर कालव्याचे पाणी जिथे चढत नाही तिथे माळरान, बाजरी, ज्वारी आणि मेंढरे, अशी ही सरळ वाटणी आहे. हिमालयातील चार हजार मीटर उंचीवरच्या सरोवरांशी या मुलखाचा संबंध वरवर पाहता काहीच नाही. तथापि उघड्यावर रात्र काढण्यासाठी जागा कशी निवडावी हा प्रश्न आला, की त्याचे पुणे जिल्ह्यातील सर्वांत जुने जाणकार याच जिरायती पट्ट्यात भेटतात. दसरा-दिवाळी झाल्यावर मेंढरे, घोडी, कुत्री आणि बिऱ्हाड घेऊन गाव सोडणारी आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतणारी धनगर कुटुंबे वर्षातील निम्म्याहून अधिक रात्री आभाळाखाली काढतात, आणि यांतील प्रत्येक रात्रीसाठी कुणाला तरी दिवस मावळण्याच्या आत जागा ठरवावी लागते. अलीकडे याच तालुक्यातून आणि एकूणच पुण्याहून काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडातील उंचावरच्या सरोवरांकडे पदभ्रमणासाठी जाणाऱ्या तरुणांची संख्या वाढली आहे. तंबू नेमका कुठे ठोकावा याविषयी मात्र त्यांच्यापैकी बहुतेकांची कल्पना छायाचित्रांवरून बनलेली असते, आणि छायाचित्रातला तंबू जवळजवळ नेहमीच पाण्याच्या काठाला असतो.

मेंढपाळाचा तळ पाण्याच्या काठाला सहसा नसतो. मेंढरांना दुपारी किंवा तिसऱ्या प्रहरी ओढ्यावर, तलावावर, कालव्याच्या चारीवर पाणी दाखवले जाते आणि मग कळप मुक्कामाच्या शेताकडे वळवला जातो. यामागे एक व्यवहार आहे: पीक निघालेल्या रानात मेंढ्या रात्रभर बसवल्या, की लेंडी आणि मूत यांचे खत आयते मिळते, आणि त्याच्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा रोख रक्कम देतो. पण व्यवहार बाजूला ठेवला तरी पाणथळ जागा टाळण्याची कारणे उरतातच. सतत ओल्या, चिखलट जमिनीत उभ्या राहणाऱ्या मेंढ्यांच्या खुरांना सड लागते. यकृतात शिरणारा पानाच्या आकाराचा चपटा कृमी, ज्याला पशुवैद्यक पर्णकृमी म्हणतात, तो आपल्या वाढीचा एक टप्पा दलदलीतील गोगलगायींच्या शरीरात पुरा करतो आणि तिथल्या गवतावरून मेंढीच्या पोटात जातो. नीलजिव्हा या रोगाचा विषाणू पसरवणाऱ्या बारीक चिलटांची पैदासही ओल्या चिखलात होते. शिवाय ओढ्याकाठची झुडपे लांडग्याला लपायला सोयीची असतात. बारामती-इंदापूरच्या माळरानांत लांडगा आजही आहे. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचे गवताळ रान त्याच्या वावरासाठी ओळखले जाते. म्हणून तळ पडतो तो उघड्या, किंचित उताराच्या, निचरा होणाऱ्या जमिनीवर; भोवती वाघर, म्हणजे दोरीच्या जाळ्याचे कुंपण, उभे राहते, कोकरे डालग्याखाली झाकली जातात, आणि गळ्यात काटेरी पट्टे असलेली कुत्री बाहेरच्या बाजूला बसतात.

जागेच्या निवडीला या समाजात केवळ सोयीचेच मोल आहे असे नाही. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या आणि दैवतकथा गोळा करून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा आपला ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध केला; या कथांमध्ये देव मेंढपाळाबरोबर चालतो आणि एखाद्या विशिष्ट जागी थांबतो, हे सूत्र वारंवार येते. नीरेच्याच खोऱ्यातील, पुरंदर तालुक्यातील वीर येथील म्हस्कोबा हा सोनारीच्या भैरवाचे रूप मानला जातो आणि भक्त मेंढपाळाच्या मागोमाग तो इथवर आला, अशी श्रद्धा आहे. मुक्काम कुठे पडला यावरून गावाचे दैवत ठरावे, इतके महत्त्व ज्या संस्कृतीने तळाला दिले, तिच्याकडून शहरी गिर्यारोहकाने थोडे शिकायला हरकत नसावी.

आता सरोवराकडे वळू. सह्याद्रीत खऱ्या अर्थाने उच्चपर्वतीय सरोवर नाही, कारण ते घडवायला लागणारी हिमनदी इथे नव्हती. भंडारदरा, पवना, भाटघर हे धरणांचे जलाशय आहेत आणि गडांवरची पाणी साठवणारी टाकी ही खडकात खोदलेली आहेत. हिमालयात मात्र हिमनदीने डोंगराच्या कुशीत खुर्चीसारखा खळगा कोरलेला असतो, ज्याला भूगोलात हिमगव्हर म्हणतात, आणि तिने वाहून आणलेल्या दगडमातीचा ढीग, म्हणजे हिमोढ, तिच्या तोंडाशी बांधासारखा साचलेला असतो. हिमनदी आटली की या खळग्यात किंवा बांधामागे पाणी साचते. सोनमर्ग ते नारानाग या वाटेवरील विशनसर, गडसर, गंगाबल ही काश्मीरमधील सरोवरे, स्पीतीतील चंद्रताल, गढवालातील केदारताल ही सर्व हिमनद्यांनी घडवलेल्या प्रदेशातली आहेत. या घडणीमुळेच मुक्कामाचा पेच निर्माण होतो. भोवती तिन्ही बाजूंनी चढ आणि दरडी असल्याने सपाट जागा उरते ती फक्त काठाला किंवा पाणी जिथून बाहेर पडते त्या मुखाशी, आणि थकून पोहोचलेला माणूस साहजिकच तिथे पाठपिशवी टेकवतो.

ती जागा रात्रीसाठी बहुधा वाईट असते, आणि याचे पहिले कारण थंडी हे आहे. सूर्य मावळल्यावर जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून झपाट्याने गार होते, तिला चिकटलेली हवाही गार होते, आणि गार हवा जड असल्याने ती उतारावरून घळींच्या वाटेने पाण्यासारखी खाली घरंगळत येऊन खळग्याच्या तळाशी साचते. सरोवर हे त्या खळग्याचे सर्वांत खोल ठिकाण असते. परिणामी काठावरची हवा वीस-तीस मीटर वरच्या उंचवट्यापेक्षा काही अंशांनी अधिक थंड असू शकते. उंचीबरोबर तापमान उतरते, दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी, हा शाळेत शिकलेला नियम स्वच्छ, निवांत रात्री जमिनीलगत उलटा होतो आणि या स्थितीला तापमानाची विपरीतता म्हणतात. नीरेच्या खोऱ्यातही मार्गशीर्ष-पौषाच्या रात्री चुलीचा धूर वर न जाता जमिनीशी लोळत खोलगट भागाकडे सरकताना दिसतो, त्याचे कारण हेच. सरोवराकाठी याचा उपयोग असा करून घेता येतो, की संध्याकाळी स्टोव्ह पेटवल्यावर वाफ किंवा धूर कुठे वाहत जातो आणि कुठे साचून राहतो हे पाच मिनिटे न बोलता पाहावे. जिथे तो रेंगाळतो तिथे पहाटे दहिवर पडणार हे जवळपास ठरलेले असते. हवेत पाण्याचा अंश जास्त असल्याने काठावरच्या तंबूच्या आतल्या कापडावर श्वासातली वाफ गोठून किंवा थेंब होऊन बसते, झोपपिशवीचा पायाकडचा भाग ओला होतो, आणि ओली झालेली पिसांची झोपपिशवी दुसऱ्या रात्री निम्मीही ऊब देत नाही.

यावरचा उपाय फार अवघड नाही. काठापासून थोडे वर, पण कड्याच्या किंवा उघड्या सोंडेच्या माथ्यावर नाही, अशी मधली पायरी शोधावी. माथा टाळायचा तो वाऱ्यासाठी आणि विजेसाठी. या मधल्या पायरीवर सकाळचे ऊन लवकर पोहोचते की नाही हेही तपासण्यासारखे आहे: खळग्याच्या पश्चिमेकडील, म्हणजे पूर्वेला तोंड असलेल्या उतारावर ऊन आधी येते, तंबू लवकर सुकतो आणि निघायला उशीर होत नाही, तर पूर्वेच्या कड्याच्या सावलीत मुक्काम केलेला गट सकाळी बराच वेळ कुडकुडत बसतो. होकायंत्र जवळ असताना याचा विचार न करणे हा निव्वळ आळस होय.

शांततेचा प्रश्नही याच हवेच्या थरांशी निगडित आहे, आणि तो अधिक रंजक आहे. दिवसा जमिनीलगतची हवा गरम असल्यामुळे आवाजाच्या लहरी वर वळतात आणि विरतात. रात्री खालची हवा थंड आणि वरची तुलनेने उबदार असली, की त्याच लहरी वाकून पुन्हा खाली येतात, आणि पाण्याचा गुळगुळीत पृष्ठभाग त्यांना शोषून न घेता पुढे पाठवतो. त्यामुळे सरोवराच्या पलीकडच्या काठावर चाललेल्या गप्पा, भांड्यांचा खणखणाट, एखाद्याच्या मोबाइलवरचे गाणे हे सारे अंतराच्या मानाने आश्चर्यकारक स्पष्टतेने ऐकू येते. गर्दीपासून दूर म्हणून समोरच्या काठावर तंबू नेणाऱ्याला त्याचा फायदा होत नाही. त्यापेक्षा मध्ये एखादा हिमोढाचा उंचवटा किंवा मोठ्या शिळांची रांग येईल अशी, भले निम्म्या अंतरावरची, जागा अधिक शांत ठरते. पवनेच्या किंवा भंडारदऱ्याच्या काठावर सुट्टीच्या दिवसांत उभ्या राहणाऱ्या तंबूंच्या वसाहतींत रात्र काढलेल्या कुणालाही पाण्यावरून येणाऱ्या आवाजाची ही ओळख पटेल. खळाळत्या ओढ्याशेजारी तंबू लावून माणसांचे आवाज बुडवण्याची युक्ती काही जण करतात; ती लागू पडते, पण तोच खळाळ वरून गडगडणाऱ्या दगडाचा किंवा वाढत्या पाण्याचा आवाजही बुडवतो, म्हणून ती मर्यादेतच वापरावी.

दगडांविषयी एक साधी खूण सांगता येते. मसाल्याच्या डब्यात असणारे दगडफूल ज्या वनस्पतिसदृश वर्गात मोडते, त्याच वर्गातील राखी, हिरवट, केशरी पापुद्रे उंचावरच्या खडकांवर अत्यंत संथ गतीने वाढतात. ज्या शिळांवर असे जुने, पसरलेले पापुद्रे आहेत त्या बराच काळ हललेल्या नाहीत. उलट उताराच्या पायथ्याशी विखुरलेले, ताज्या तुटीच्या कडांचे, कोरे दगड दिसले, की वरून दगड येत असतात हे समजून तिथून हटावे. तसेच ओढ्याच्या पात्रातील गोट्यांचा सपाट पट्टा सायंकाळी कितीही मोहक वाटला तरी तो टाळावा, कारण बर्फाच्या पाण्यावर चालणारे ओढे पहाटे सर्वांत रोडके असतात आणि दिवसभराच्या उन्हानंतर उशिरा दुपारी ते सायंकाळी फुगतात; वर कुठे पाऊस झाला तर रात्रीतूनही. दुसऱ्या दिवशी ओढा ओलांडायचा असेल, तर तो सकाळीच ओलांडला जाईल अशा बेताने मुक्काम ठरवण्याची पद्धत यातूनच आली आहे.

हिमोढाच्या बांधाविषयी थोडे सविस्तर सांगावे लागेल. हा बांध सिमेंटचा नसतो. तो सुटी माती, वाळू, दगड आणि काही ठिकाणी आत गाडलेला बर्फ यांचा बनलेला असतो. १७ जून २०१३ रोजी सकाळी केदारनाथच्या वर असलेल्या चोराबारी तालाचा, ज्याला गांधी सरोवरही म्हणतात, असा बांध अतिवृष्टी आणि वितळलेल्या बर्फाच्या भाराने फुटला आणि आधीच पुराने झोडपलेल्या केदारनाथवर तो लोंढा कोसळला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून तीस्तेवरील चुंगथांगचे धरण वाहून गेले. एका रात्रीच्या मुक्कामात अशी घटना घडण्याची शक्यता अगदी थोडी असली, तरी सरोवराच्या मुखाखालच्या अरुंद घळीत तंबू न लावण्याने काहीच गमवावे लागत नाही, आणि संततधार पावसात तर त्या जागेचा विचारही करू नये.

पदभ्रमणाच्या संस्कृतीत जगभर रूढ झालेला एक संकेत असा, की तंबू, आंघोळ, भांडी घासणे आणि शौच हे सर्व पाण्यापासून किमान दोनशे फूट, म्हणजे साधारण साठ मीटर, दूर असावे. मोठ्या माणसाच्या चालीने ही सुमारे ऐंशी पावले होतात. हा आकडा मनमानी वाटू शकतो, पण त्यामागचे कारण पक्के आहे. उंचावरच्या सरोवरांत पोषक द्रव्ये फार थोडी असल्यामुळेच त्यांचे पाणी इतके पारदर्शक असते. त्यात साबण, अन्नाचे खरकटे किंवा मलमूत्र यांतून थोडे जरी फॉस्फरस आणि नत्र गेले, तरी शेवाळ वाढू लागते, आणि थंडीमुळे कुजण्याची क्रिया मंद असल्याने घाण वर्षानुवर्षे टिकते. मधली माती गाळणीचे काम करते, म्हणून अंतर हवे. ‘निसर्गात विरघळणारा’ असे लिहिलेला साबणही मातीत विरघळण्यासाठी बनवलेला असतो, पाण्यात नव्हे. शौचासाठी वीतभर खोल, पंधरा ते वीस सेंटिमीटरचा खड्डा खणून तो बुजवणे हा खालच्या जंगलात पुरेसा उपाय आहे. केवळ खडक आणि बर्फ असलेल्या उंचीवर मात्र तो पुरत नाही आणि मैला पिशवीत बंद करून खाली आणण्याची सवयच लावून घ्यावी लागते. मराठी पदभ्रमण मंडळींना ही गोष्ट अजून किळसवाणी वाटते. ती न केल्यास जे घडते ते अधिक किळसवाणे असते.

जिथे समजुतीने काम भागले नाही तिथे नियम आले. स्पीतीतील चंद्रताल, सुमारे ४,२५० मीटर उंचीवरचे चंद्रकोरीच्या आकाराचे सरोवर, २००५ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आले. आज त्याच्या काठावर तंबू लावू दिले जात नाहीत आणि मुक्कामाची वसाहत काही किलोमीटर अलीकडे हलवलेली आहे. उत्तराखंडात ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने बुग्यालांत, म्हणजे वृक्षरेषेच्या वरच्या गवताळ कुरणांत, रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली, आणि त्यामुळे वेदिनी-आली बुग्यालमार्गे रूपकुंडाला जाणाऱ्या लोकप्रिय वाटेचे गणितच बदलले. या निर्णयावर पर्यटनावर पोट असलेल्या स्थानिकांनी नाराजी व्यक्त केली आणि तिच्यात तथ्यही आहे; पण त्या कुरणांवरची दाट वीण असलेली हिरवळ वर्षातले जेमतेम तीन-चार महिने वाढते, आणि तंबूखाली दिवसचे दिवस दबलेला तिचा तुकडा भरून यायला कित्येक हंगाम लागतात, हेही तितकेच खरे आहे. म्हणून परवानगी असलेल्या ठिकाणीही हिरवळीपेक्षा वाळू, मुरूम किंवा आधीच वापरात असलेली कठीण झालेली जागा पसंत करावी, आणि तंबूभोवती पावसाचे पाणी वळवण्यासाठी चर खणण्याची सह्याद्रीतली जुनी सवय तिथे नेऊ नये.

चंद्रतालाचे उदाहरण आणखी एका कारणाने विचारात घेण्यासारखे आहे. मनालीहून गाडीने निघालेला प्रवासी एका दिवसात सुमारे दोन हजार मीटरवरून चंद्रतालाजवळ पोहोचतो, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्केच असतो, आणि त्याच रात्री डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे अशी विरळ हवेच्या आजाराची लक्षणे अनेकांना गाठतात. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजचा झोपेचा मुक्काम आदल्या रात्रीच्या मुक्कामापेक्षा पाचशे मीटरहून अधिक उंच नसावा, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असा वैद्यकीय संकेत आहे. साडेपाचशे मीटरवरच्या गावातून रेल्वे आणि बसने दोन दिवसांत पायथ्याशी येणाऱ्याला तर तो अधिकच लागू होतो. दिवसा कितीही उंच चढावे, झोपायला मात्र खाली यावे, ही गिर्यारोहकांची रीत लक्षात घेतली, तर अनेकदा सरोवर पाहून तासभर खाली उतरणे आणि एखाद्या कुरणाच्या कडेला, शिळांच्या आडोशाला राहणे हा थंडी, आवाज, पाण्याची स्वच्छता आणि प्रकृती या सर्वच दृष्टींनी उत्तम पर्याय ठरतो.

अशा आडोशाच्या जागा मात्र रिकाम्या दिसल्या तरी बेवारस नसतात. हिमाचलातील गद्दी आणि काश्मीरमधील बकरवाल हे मेंढपाळ उन्हाळ्यात कळप घेऊन याच कुरणांत येतात, त्यांचे मार्ग आणि थांबे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात, आणि गद्द्यांच्या चराईला वनखात्याचे परवानेही असतात. त्यांच्या जुन्या डेऱ्यांची जागा ओळखण्याची एक पक्की खूण आहे: लेंडीखताने जमीन इतकी कसदार झालेली असते, की तिथे रुंद पानांची, गुडघ्याएवढी रुमेक्स नेपालेन्सिस ही वनस्पती आणि खाजकुयलीसारखी आग करणारी बिच्छू घास दाट माजते, आणि भोवतालच्या बुटक्या, रंगीत फुलांच्या गवतात हा गडद हिरवा डाग दुरूनही वेगळा दिसतो. सपाट, निवाऱ्याची आणि पाण्यापासून बेताच्या अंतरावरची ही जागा मेंढपाळाने आधीच निवडून ठेवलेली असल्याने ती चांगली असते यात शंका नाही. परंतु तिथे माशा असतात, तो कधीही परतू शकतो, आणि त्याची कुत्री, जी लांडगा, अस्वल आणि हिमबिबट्या यांच्यावर सोडण्यासाठी वाढवलेली असतात, अंधारात माणसात आणि जनावरात फारसा फरक करत नाहीत. तेव्हा जवळ डेरा असेल तर उजेड असतानाच, काठी हातात ठेवून पण कुत्र्यांवर न उगारता, दुरून हाक देऊन मेंढपाळाशी बोलावे. कोणत्या झऱ्याचे पाणी पिण्याजोगे आहे, रात्री कळप कुठे बसणार आहे, पहाटे जनावरे कोणत्या वाटेने पाण्यावर उतरतात आणि कोणत्या घळीतून दगड येतात, हे त्याला नकाशापेक्षा अधिक ठाऊक असते, आणि बारामतीच्या माळावर मेंढ्या बसवण्यापूर्वी शेतमालकाला विचारणाऱ्या धनगराप्रमाणेच, त्यालाही विचारणारा पाहुणा आवडतो.